पाण्याखालची हाक: मेडिकल फॉर्म, मालवण आणि टाकीवरचा ठोका

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकायचं ठरवलं की हातात सगळ्यात आधी मेडिकल फॉर्म येतो. सुरुवातीला दहा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. डोळे, कान, नाक आणि सायनस यांच्या प्रश्नापुढे मी ‘हो’ लिहिलं. मग पुढच्या चौकटीत जावं लागतं. तिथे कानाचा आजार, कानाची शस्त्रक्रिया, कमी ऐकू येणं, तोल जाणं यांबद्दल विचारलेलं असतं. लहानपणच्या एका आजारानंतर मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्या कानाला मी मशीन लावते. तिथेही ‘हो’च. चौकटीतला एक जरी ‘हो’ आला तरी डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत.

ही गोष्ट ऑक्टोबर 2024 ची. मार्चमध्ये अंदमानात डायव्ह करून परत आले आणि आता सगळं सविस्तर लिहितेय, कारण फॉर्म हातात आला तेव्हा मला विचारायला कोणी नव्हतं. कानाची तक्रार असलेल्यांना याचा उपयोग होईलच. पण ‘पाण्याखाली एकमेकांना हाक कशी मारायची’ हा प्रश्न चांगले कान असलेल्यांनाही पडतो आणि त्याचं उत्तर कोर्समध्ये घाईघाईत उरकलं जातं, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

कोल्हापुरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फॉर्म वाचला आणि सही करायला नकार दिला. ‘समुद्राखालचं मला काही माहीत नाही, मी जबाबदारी कशी घेऊ?’ असं ते म्हणाले. मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली, ती जवळपास दोन आठवड्यांनंतरची मिळाली. या फॉर्मसोबत डॉक्टरांसाठी वेगळं मार्गदर्शन असतं, कोणत्या आजारात काय तपासायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ते छापून न्या. आमच्या तज्ज्ञांनी ते माझ्यासमोर बसून वाचलं आणि त्यानंतर बोलणं सोपं झालं.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, झाला, कानाच्या पडद्याच्या हालचालीची तपासणी झाली. तपासणी फी आणि चाचण्या मिळून दोन हजारांच्या आत खर्च आला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. पाण्यात खाली जाताना कानावरचा दाब वाढतो. नाक दाबून हलकी फुंकर मारून तो समान करावा लागतो. तो नीट झाला नाही किंवा जोर लावून केला तर पडद्याला इजा होऊ शकते, क्वचित आतल्या कानालाही. आणि आतल्या कानाची इजा कायमची ठरू शकते. ‘तुमचा उजवा कान उत्तम आहे. त्याला काही झालं तर तुमच्याकडे दुसरा कान नाही. हा धोका छोटा आहे, पण तो तुमच्यासाठी इतरांपेक्षा मोठा आहे. घरी जा, विचार करा, मग या.’

मी घरी गेले. पुढचे काही दिवस फार जड गेले. घरच्यांचं म्हणणं होतं की या वयात हे कशाला. बरोबर येणारी भाची मात्र एवढंच म्हणाली, ‘मावशी, तू नाही म्हणालीस तरी मला चालेल, पण घाबरून नाही म्हणू नकोस.’ शेवटी मी डॉक्टरांकडे परत गेले आणि त्यांनी घातलेल्या अटींवर हो म्हणाले. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा आणि तरीही नाहीच झालं तर डायव्ह सोडून द्यायची. फॉर्मच्या शेवटच्या पानावर डॉक्टरांसाठी दोनच पर्याय असतात, मान्य किंवा अमान्य. त्यांनी मान्यवर खूण केली, सही-शिक्का मारला.

निघता निघता मी विचारलं, ‘मशीन काढून पाण्यात गेल्यावर मला कोणी बोलावलेलं कळेल का?’ ते म्हणाले, ‘पाण्याखाली आवाज मुख्यतः कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जातो. तुमचा उजवा आतला कान शाबूत आहे. तुम्हाला ऐकू येईल.’ त्या एका वाक्याने मला किती धीर आला ते सांगता येत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एसटीने मालवण गाठलं. बँकेतली रजा दोन महिने आधी टाकून ठेवली होती आणि ते बरंच झालं, कारण तिथे तारखा हलतात. कोर्सची फी तीस हजारांच्या आसपास, त्यात साहित्य, बोट आणि प्रमाणपत्र सगळं आलं. आधार कार्डाची प्रत, फोटो, मेडिकल फॉर्म आणि जोखमीच्या जबाबदारीचा एक लांबलचक कागद, तो शांतपणे वाचूनच सही करा. थिअरी मी घरी ऑनलाइन केली होती. शेवटच्या परीक्षेत 75 टक्के लागतात. पोहण्याची परीक्षा म्हणजे 200 मीटर कोणत्याही पद्धतीने न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगणं. वेळेची अट नाही, त्यामुळे रोज तलावावर जाणाऱ्या कोणालाही ती जमेल.

पहिले दिवस तलावात. मास्कमध्ये पाणी घेऊन ते काढून टाकणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा ज्यातून घेतो ते साधन, शोधून परत लावणं, बडीच्या, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदाराच्या, जास्तीच्या रेग्युलेटरवर श्वास घेणं. यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी थांबत नाही. खुणा मात्र मन लावून शिकले. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. पंजा आडवा डोलवला तर काहीतरी बिघडलंय. मूठ छातीवर म्हणजे हवा कमी. गळ्यावरून हात आडवा फिरवला तर हवा संपली. या भाषेत सगळं सांगता येतं, अट एकच की समोरच्याने तुमच्याकडे बघायला हवं. तो पाठमोरा असेल तर तुम्ही कितीही हातवारे करा, काही उपयोग नाही.

तेवढ्यासाठीच आवाज लागतो. आमच्या सरांच्या टाकीला एक जाड रबरी पट्टा होता आणि त्यावर कठीण प्लास्टिकचा गोळा. गोळा ओढून सोडला की तो टाकीवर आपटतो. त्याला टँक बँगर म्हणतात. तलावात त्यांनी आम्हाला उथळ भागात तळाशी गुडघ्यांवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि ठरल्याप्रमाणे जिथून ठोका ऐकू येईल तिकडे बोट दाखवायला लावलं. ठोका अगदी स्पष्ट आला, मशीनशिवाय. डोळे उघडले तर प्रत्येकाचं बोट वेगळ्या दिशेला होतं. सर माझ्या मागे होते आणि मी समोर बोट दाखवत होते.

वर आल्यावर भाची म्हणाली, ‘मावशी, मला तर डोक्याच्या आतूनच आल्यासारखा वाटला.’

याचं कारण सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500. जमिनीवर एका बाजूने आलेला आवाज जवळच्या कानाला आधी आणि लांबच्याला किंचित उशिरा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदू त्यावरूनही दिशा ओळखतो. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने येतो आणि तो फरक तेवढाच आक्रसतो. शिवाय डोकं आवाज अडवत नाही, कवटीच तो दोन्हीकडे पोचवते. त्यामुळे आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो.

मी त्या दिवशी खोलीवर येऊन बराच वेळ यावर विचार करत बसले. रस्त्यावर कोणी हाक मारली की ती कुठून आली हे मला कधीच कळत नाही. मी आधी थांबते, मग सगळीकडे बघते, मग चेहरा शोधते. चाळीस वर्षांची ही सवय. पाण्याखाली प्रत्येक माणसाला नेमकं हेच करावं लागतं. ठोका ऐकला की पोहायचं थांबा, जागच्या जागी पूर्ण वर्तुळात फिरा, आणि वर व खालीही बघा, हे शेवटचं बहुतेकजण विसरतात.

समुद्रातल्या डायव्ह लगेच झाल्या नाहीत. उत्तरेचा वारा सुटला, पाणी ढवळलं आणि बोटी किनाऱ्यावरच राहिल्या. त्यातच मला बारीक सर्दी झाली. डॉक्टरांची अट पाळून मी सरांना सांगितलं आणि तेही ‘थांबू या’ म्हणाले. हे थांबणं मनाला फार लागतं, पैसे भरलेले असतात, रजा सरत असते. म्हणून सांगते, हातात जास्तीचे दोन-तीन दिवस ठेवूनच जा. नाक चोंदलेलं असताना औषध घेऊन उतरण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. औषधाचा असर पाण्याखाली असताना ओसरला तर वर येताना अडकलेली हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. बोटीवरचे काका मालवणचेच, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. आमची बोलणी ऐकून म्हणाले, ‘वैनी, खाली हाक मारून कोणाक आयकाक येता? ठोकोच मारूक व्हयो.’

मालवणचं पाणी अंदमानसारखं नितळ नसतं. आम्ही उतरलो तेव्हा चारेक मीटरपलीकडे हिरवट धुकं होतं. मला वाटलं होतं खाली शांतता असेल. तशी ती नसते. खडकांपाशी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज अखंड चालू असतो. तो एक नांगी झटकन मिटून आवाज काढणाऱ्या चिमुकल्या कोळंब्यांचा. त्यात आपल्या श्वासाचे बुडबुडे, मधूनच लांबच्या बोटीचं इंजिन. इंजिनचीही दिशा कळत नाही. म्हणून वर येताना एक हात डोक्यावर धरून, वर बघत, गोल फिरत यायचं असतं. आवाज लांबचा वाटला म्हणून बोट लांबच असेल असं नाही.

अशा पाण्यात ठोक्याचं महत्त्व कळतं. सर दोनदा ठोकायचे, आम्ही जागेवर थांबून वळायचो आणि धुक्यातून त्यांचा पिवळा फिन, म्हणजे पायात घालायचा पंखा, दिसायचा. श्वास सोडताना बुडबुड्यांच्या गडबडीत ठोका हरवतो हेही तिथेच लक्षात आलं. त्यामुळे एकदा ठोकून गप्प बसू नये. ठोका, दोन श्वास थांबा, पुन्हा ठोका. आणि ऐकण्यासाठी श्वास रोखू नका. दाबाखालच्या हवेवर श्वास कधीच रोखायचा नसतो, स्कूबातला पहिला नियमच तो आहे.

बडी दिसेनासा झाला तर किती शोधायचं हेही ठरलेलं असतं. एक मिनिट. तेवढ्यात सापडला नाही तर सावकाश वर यायचं, तोही वर येईल, तिथे भेटायचं. त्या एका मिनिटात ठोके द्यायचे. भाचीने आणि मी बोटीवर बसून आमचा संकेत ठरवला. दोन ठोके म्हणजे ‘माझ्याकडे बघ’, न थांबता ठोके म्हणजे ‘असशील तिथून माझ्याकडे ये’. तिसरा संकेत आम्ही ठेवला नाही. घाबरलेला माणूस ठोके मोजत नाही, असं सर म्हणाले आणि ते मला पटलं.

मशीन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. मशीन खोलीवर ठेवून बोटीवर जाऊ नका, कारण खाली जाण्यापूर्वीच्या सगळ्या सूचना बोटीवर, इंजिनच्या आवाजात दिल्या जातात. मी हवाबंद डबी नेली होती. सूचना ऐकून झाल्या की मशीन डबीत, डबी काकांच्या ताब्यात. आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बोलताना माझ्याकडे तोंड करून बोला. त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं.

कोर्स संपला, 18 मीटरपर्यंतचं प्रमाणपत्र ईमेलवर आलं. आता आम्हाला आमचं स्वतःचं साधन घ्यायचं होतं. जानेवारी त्यातच गेला. बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. टँक बँगर, शेकर आणि हवेवर चालणारा भोंगा.

शेकर म्हणजे पेनाएवढी धातूची नळी, आत पोलादी गोळ्या. हलवली की खळखळते. स्वस्त, हलकी, टाकीला हात लावायला नको. पण तिचा आवाज उंच पट्टीतला असतो आणि मला तो बुडबुड्यांमधून वेगळा काढता आला नाही. भाचीला तो उत्तम ऐकू आला. शेकर घेतलाच तर दोरीने बीसीडीला, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटला, बांधा आणि खिशात किंवा पट्ट्यात घट्ट अडकवा. मोकळा लोंबकळला तर पूर्ण डायव्हभर वाजत राहतो आणि मग कोणी लक्ष देईनासं होतं.

भोंगा बीसीडीत हवा सोडणारा इन्फ्लेटर आणि त्याची नळी यांच्यामध्ये जोडतात, तो टाकीतल्या हवेवर वाजतो. काही भोंगे फक्त पाण्याच्या वर वाजतात, काही खालीही. आवाज सर्वांत मोठा. बोटीपासून लांब वर आलात तर याच्याइतकं उपयोगी काही नाही. मी तरी घेतला नाही. किंमत बाकीच्यांच्या कितीतरी पट, जोडणी आपल्या नळीला बसते का ते तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं, आणि भाड्याचं साहित्य दर वेळी वेगळं मिळतं. मुख्य म्हणजे टाकी रिकामी झाली की तो मुका होतो, आणि हाकेची सर्वांत जास्त गरज नेमकी तेव्हाच असते. पाण्याच्या वर हाक मारायला बीसीडीची साधी शिट्टी आहेच. ती आहे ना, एवढं मात्र उतरण्यापूर्वी हात लावून बघा.

राहिला बँगर. त्याचा ठोका खालच्या पट्टीतला, ठसठशीत, मला नीट कळणारा. अडचण एकच, हात मागे जावा लागतो. माझा खांदा पूर्वी आखडलेला होता, त्यामुळे मी घरी रिकाम्या बादलीवर पट्टा चढवून सराव केला. पट्टा टाकीच्या खालच्या भागात आणि गोळा कमरेच्या बाजूला येईल असा बसवला तर हात सहज पोचतो. दुकानातून मागवला तेव्हा हजाराच्या आत पडला, यायला दहा-बारा दिवस लागले. तोवर एखादा धातूचा हूक टाकीवर वाजवला तरी काम भागतं. अनुभवी लोक बरेचदा तेवढंच करतात.

मार्चमध्ये अंदमान. बँगर आणि शेकर दोन्ही विमानात चेक-इन सामानात टाका. गोळ्या भरलेली धातूची नळी हातातल्या पिशवीत असली तर तपासणीत अडवण्याची शक्यता आहे. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या मात्र उलट, त्या हातातल्या पिशवीत लागतात. श्री विजयपुरमहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून, स्वराज द्वीपला फेरीने जावं लागतं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव सारखं ठेवा, जेटीवर ते बघतात. परतीचं विमान ठरवताना शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास मोकळे सोडा. आम्ही पूर्ण एक दिवस सोडला.

तिथलं पाणी पाहून मी हरखून गेले. वीसेक मीटर सहज दिसत होतं. पण एकाच प्रवाळखडकावर तीन-चार गट होते आणि जवळपास प्रत्येक गाइडकडे बँगर किंवा शेकर. एकाला कासव दिसलं की ठोके, दुसऱ्याला सिंहमासा दिसला की खळखळ. प्रत्येक आवाजाला सगळे वळत होते. थोड्या वेळाने कोणी वळेना. मला हे मनापासून खटकलं. मासे आणि बाकीचे जीवही ऐकतात. आणि ठोका मासा दाखवण्यासाठी खर्च केला की खरी गरज पडेल तेव्हा त्याला किंमत राहत नाही. दुसऱ्या दिवशी बोटीवर मी गाइडला विनंती केली की आमच्या गटात ठोका फक्त अडचणीसाठी ठेवू या, मासे टॉर्चने दाखवा. त्यांनी लगेच मान्य केलं.

त्याच डायव्हमध्ये, साधारण बारा मीटरवर, भाचीच्या फिनचा पट्टा निसटला. फिन खाली गेला नाही, तिने तो हाताने पकडला. पण मंद प्रवाह होता, एका पायाने तिला जागेवर राहता येईना आणि ती हळूहळू खडकापासून दूर जाऊ लागली. मी तिच्या बीसीडीचा पट्टा धरला. गाइड पुढे पाठमोरा. दोन ठोके दिले, दोन श्वास थांबले, पुन्हा दोन. तो थांबला, डावीकडून वळत पूर्ण फिरला आणि त्याची नजर आमच्यावर आली. मी पंजा डोलवला आणि फिनकडे बोट केलं. तो आला, पट्टा लावून दिला, आम्ही तिघांनी एकमेकांना वर्तुळ दाखवलं आणि पुढे निघालो. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. मला तेव्हा भीती वाटली नाही. कोणाला, कसं आणि कशासाठी बोलवायचं हे वर बोटीवरच ठरलेलं होतं.

दर डायव्हनंतर बँगर गोड्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात रबर चिरतं. माझ्या पट्ट्यावर आता बारीक भेगा दिसायला लागल्यात, हंगाम सुरू होण्याआधी नवीन पट्टा मागवायचा आहे. डॉक्टरांची सही आमच्या केंद्रात एक वर्ष धरतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पुन्हा ऑडिओग्राम. वेळ आत्ताच घेऊन ठेवली आहे, कारण त्यांच्याकडे दोन आठवडे थांबावं लागतं.